काकडीला फुलं ढीगभर पण सेटिंग (फळधारणा) नाही, मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर फरक पडेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी भागात एक एकर काकडी, शेजारी वीस गुंठे दोडका, ठिबक आहे, मल्चिंग आहे, दर चार दिवसाला औषधाचा पंप चालतोय, वेल जोरात आहेत, फुलं पिवळीधमक, पण बारीक काकड्या बोटाएवढ्या होतात, पिवळ्या पडतात आणि गळतात. ज्या टिकतात त्यातल्या बऱ्याच वाकड्या, एका टोकाला बारीक, आणि तसला माल गोव्याच्या गाडीला चालत नाही. दुकानदारानं आधी बोरॉन दिलं, मग टॉनिक दिलं, आता कुणीतरी सांगितलंय मधमाश्यांच्या पेट्या ठेव. तर किती ठेवू, सातेरी (आपली देशी माशी) की मेलिफेरा (बाहेरून आणलेली), आणि अनुदान मिळतंय का.

मी बेळगावच्या पश्चिमेकडं भाजीपाला करतो आणि पेट्याही ठेवतो, सीझनला ओळखीच्या लोकांच्या प्लॉटवर पेट्या देतोपण, त्यामुळं "ठेवा की भाऊ" म्हणणं माझ्या फायद्याचं आहे. तरी सांगतो, पेट्या किती हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की तुमचं फूल ज्या वेळेला उघडं असतंय त्या वेळेला माशी तिथं येते का, आणि आलेली माशी परत जिवंत घरी जाते का. या दोन्हीची उत्तरं मिळाली तर कदाचित पेटी लागणारच नाही, किंवा पेटी आणली तर ती आठ दिवसांत रिकामी होईल हे आधीच कळेल.

पहिलं म्हणजे बियाण्याचं पाकीट शोधा. पॉलीहाऊसमधल्या बऱ्याच काकड्या परागीभवन न होताच धरतात, त्यांना माशी लागत नाही, उलट माशी आत शिरली तर काकडीत बी भरतं आणि आकार बिघडतो. काही हायब्रीडना जवळजवळ सगळी मादीच फुलं येतात, त्यात नर फुलांसाठी दुसऱ्या जातीचं थोडं बी मिसळून देतात, ती रोपं विरळणीत उपटली गेली की मग पराग आणायचा कुठनं. आणि कोणी इथ्रेल (संजीवक) मारायला सांगितलं असेल तर त्यानंही मादी फुलं वाढतात, नर कमी होतात, प्रमाण चुकलं की परत तेच. याच्या उलट सुरुवातीचे आठ-दहा दिवस फक्त नर फुलंच येणं हे नॉर्मल आहे, तेव्हा "फुलं गळतायत" म्हणून घाबरायचं नाही. ऊन फार तापलं किंवा नत्र जास्त झालं तरी नर फुलं वाढतात. तुमचे वेल जोरात आहेत म्हणताय, तर युरिया किती जातोय तेही एकदा बघा.

आता समजा साधं उघड्या रानातलं हायब्रीड आहे, नर-मादी दोन्ही फुलं आहेत. मग गळ माशीअभावी आहे की दुसऱ्या कशामुळं, हे घरबसल्या ओळखता येतं, पैसे लागत नाहीत. संध्याकाळी वेलावर फिरा, उद्या उमलणारी मादी कळी ओळखू येते, पाकळ्यांचं टोक हिरव्याचं पिवळसर झालेलं असतंय आणि मागं बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी असते. अशा पंधरा-वीस कळ्यांना लाल धागा बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आसपास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा भाग धागा बांधलेल्या मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हळूच फिरवा. तो गड्डा तीन भागांचा असतो, तिन्हींना पिवळी पूड लागली पाहिजे, एकाच बाजूला घासून सोडू नका. शेजारच्याच तेवढ्या कळ्यांना पांढरा धागा बांधून त्यांना हात लावू नका. चार-पाच दिवसांनी बघा. लाल धाग्याच्या काकड्या सरळ वाढतायत आणि पांढऱ्या गळाल्या, तर माशी कमी आहे हे नक्की. दोन्ही गळाल्या तर पाणी, ऊन, व्हायरस, अन्नद्रव्य यात शोधा, पेट्या आणून काही होणार नाही.

वाकडी काकडीपण बोलते. एक घ्या आणि उभी चिरून बघा. जिथं काकडी बारीक झालीय तिथं बी भरलेलं नसेल, नुसती पांढरी पातळ सालपटं असतील आणि जाड भागात बी टपोरं असेल, तर पराग अपुरा पडलाय. काकडीच्या पोटात बी धरायची जागा शेकड्यानं असते, जेवढी जागा भरते तेवढा भाग फुगतो, त्यामुळं एकदा माशी बसून गेली म्हणजे काम झालं असं नसतंय, एका फुलावर दिवसभरात आठ-दहा वेळा तरी माशी बसावी लागते. कलिंगडालाही तसंच. पण बी सगळीकडं सारखं आहे तरी काकडी वाकडी, तर पाण्याचा ताण पडलाय असं समजा किंवा वेल जमिनीवर दगडाला-काडीला अडलाय असं समजा. आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून डिंकासारखा थेंब आलेला, आत अळी, तर ती फळमाशी, तिचा मधमाशीशी काही संबंध नाही, तिला क्यू-ल्यूरचे (वासानं फळमाशी ओढणारे) सापळे लावा आणि किडकी फळं बांधावर न टाकता पुरा. बोरॉनबद्दल एवढंच, कमतरता असेल तर उपयोग होतो, पण माशी नसलेल्या रानात बोरॉन मारून काकडी सरळ झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

वेळेकडं येतो, कारण इथं बहुतेकांचं चुकतं आणि तुमच्याकडं तर दोन उलट्या वेळेची पिकं शेजारी-शेजारी आहेत. काकडी, कारली, घोसाळी, लाल भोपळा, कलिंगड यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, भोपळा तर ऊन चढलं की मिटतोच. दोडका मात्र संध्याकाळी पाचच्या पुढं उमलतो आणि रात्रभर उघडा राहून सकाळपर्यंत ताजा असतो. दुधी आणि पडवळ पण संध्याकाळचे, पांढरी फुलं, त्यांच्यावर मधमाशीपेक्षा रात्रीचे पतंग जास्त येतात, म्हणून दुधीसाठी पेटी आणणाऱ्याला मी सरळ नाही सांगतो, दुधीला संध्याकाळी हातानं पराग लावा, फुलं मोठी असतात, काम पटकन होतं. दोडक्यावर संध्याकाळी माश्या येतात, दिवस मावळेपर्यंत येतात, आणि आग्या माशी तर चांदण्यातसुद्धा उडते. तुमच्या भागात कुठं वडावर, पाण्याच्या टाकीखाली आग्याची पोळी असतील आणि कोणी ती जाळायला निघालं असेल तर जमलं तर थांबवा, तुमच्या दोडक्याचं काम ती फुकट करत्यात.

म्हणून उद्या सकाळी सात ते नऊ काकडीत आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा दोडक्यात नुसतं उभं राहा. मोबाईल खिशात ठेवा. एका जागी उभं राहून समोरच्या वीसेक फुलांवर दहा मिनिटांत किती माश्या बसल्या ते मोजा. काकडीत सातत्यानं माश्या फिरताना दिसल्या तर पेटीची गरज नाही. दहा मिनिटांत एखादी आली आणि बाकी शांत, तर गरज आहे. मोजताना फक्त पेटीतलीच माशी धरू नका, बारीक काळी डासाएवढी बिनकाट्याची माशी, फुलोरी, निळ्या पट्ट्यांची माशी, काळा मोठा भुंगा, सगळी धरायची.

आता माश्या का नाहीत. हुक्केरी, चिकोडी, रायबाग, अथणी, तुम्ही कुठंही उभं राहून चारी बाजूला बघा, ऊसच ऊस. उसात माशीला काही मिळत नाही. पूर्वी बांधावर एकदांडी, तुळस, रानतीळ, करंज काय काय असायचं, आता उसाच्या तणनाशकाबरोबर बांधही जळतोय. टू-फोर-डी उडून काकडीच्या वेलावर आलं तर पानं गुंडाळतात ते वेगळंच. आणि गुऱ्हाळं चालू असली की माश्या फुलं सोडून काहिलीकडं जातात, निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात हे कायम बघायला मिळतं, काकवीच्या भांड्यात मेलेल्या माश्यांचा थर असतो. उलट आमच्याकडं खानापूरच्या बाजूला जंगल जवळ आहे तर वेगळीच अडचण, मार्च-एप्रिलात जांभूळ फुललं की माश्या तिकडं, आमच्या काकडीकडं बघत नाहीत. म्हणजे एकाच जिल्ह्यात उत्तर एक नाही, उत्तरेला खाद्य नाही म्हणून माशी नाही आणि पश्चिमेला खाद्य जास्त म्हणून माशी नाही.

आणि औषध. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की दर चार दिवसाला पंप चालतोय असं लिहिलंय पण कशाचा ते लिहिलेलं नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडात भिनतात आणि फुलातल्या मकरंदात, परागात उतरतात. त्यामुळं "संध्याकाळी मारलं, माशी नव्हती" हे यांच्या बाबतीत लागू नाही, दुसऱ्या दिवशी माशी तेच पिते. ठिबकमधनं सोडलं तरी तेच. युरोपियन युनियननं या दोन आणि क्लोथियानिडीनचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला तो मधमाशीमुळंच. फिप्रोनील, क्लोरपायरीफॉस, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन ही माशीला थेट मारणारी. आणखी एक, बुरशीनाशक माशीला चालतं असं समजून लोक एकाच टाकीत सगळं मिसळतात, पण काही ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं पायरेथ्रॉइडबरोबर (लॅम्डा त्यातलंच) मिसळली की त्या कीटकनाशकाचा विषारीपणा माशीसाठी वाढतो. टाकीत चार गोष्टी एकत्र ओतायची सवय या पिकात तरी सोडा.

रसशोषक किडीसाठी जे काही कडक मारायचं ते फुलं लागायच्या आधी, रोप लहान असताना. फुलं चालू झाल्यावर निंबोळी अर्क, सापळे, आणि अगदीच गरज पडली तर कमी दिवस टिकणारं औषध, तेपण काकडीत दिवस मावळल्यावर. पण दोडक्यात हा नियम उलटा पडतोय हे लक्षात घ्या. सगळे सांगतात संध्याकाळी मारा, आणि दोडका संध्याकाळीच उघडतो, म्हणजे तुम्ही बरोबर उमललेल्या फुलात औषध ओतताय. दोडक्यात आदल्या संध्याकाळची फुलं मिटल्यावर आणि नवीन उमलायच्या आधी, म्हणजे दुपारी साडेतीनच्या आत, ढगाळ किंवा कमी उन्हाचा दिवस बघून मारायचं. कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात, म्हणून हे काही फार सोयीचं नाही, पण दुसरी वेळ मला तरी सापडलेली नाही. शेजारच्या मिरचीवाल्याशी पण बोलून ठेवा, सातेरी साधारण एक किलोमीटरपर्यंत फिरते, तुमचं रान स्वच्छ असून त्याच्याकडं जाऊन मेली तर काय उपयोग.

एवढं सगळं करूनही माशी कमीच असेल तर मग पेटी. एकराला सातेरीच्या तीन-चार किंवा मेलिफेराच्या दोन चांगल्या भरलेल्या पेट्या साधारण पुरतात. सातेरी आपली इथली, सकाळी लवकर आणि गारव्यातही कामाला लागते, त्यामुळं काकडीच्या वेळेला बरी जुळते, सांभाळायला खर्च कमी, पण खाद्य संपलं किंवा मुंग्या-मेणकिडा लागला की पेटी सोडून पळून जाते. मेलिफेरा 1962 साली हिमाचलमधल्या नगरोटाला यशस्वीपणे स्थिरावली, नंतर सगळीकडं पसरली, संख्या मोठी, मध जास्त, पण तिला वर्षभर फुलोऱ्यामागं हिंडवावं लागतं, ते काम भाजीवाल्याचं नाही. जुनी माणसं सांगतात की पूर्वी सातेरी घरोघरी असायची, ते खरंच आहे, 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड नावाचा व्हायरस आला आणि दक्षिणेतल्या सातेरीच्या वसाहती प्रचंड मेल्या, कर्नाटकातल्या पेट्या तेव्हाच रिकाम्या झाल्या. माझं मत विचाराल तर पहिल्या सीझनला पेटी विकत घेऊच नका, पेटीवाल्याकडनं भाड्यानं घ्या, देखभाल त्याची, तुम्ही फक्त औषधाचा शब्द पाळा.

पेटी घेताना झाकण उघडून बघायला सांगा. चौकटींवर माशी दाट बसलेली पाहिजे आणि कप्प्यांत उघडी, पांढरी अळी दिसली पाहिजे. अळीला खायला पराग लागतो, म्हणून अळी असलेली पेटी परागासाठी जास्त धावते. नुसता मध भरलेली जड पेटी बघून खूश होऊ नका, तुम्हाला मध नको, मजूर पाहिजेत. पेटी आणायची ती काकडीत मादी फुलं चालू झाल्यावर, आधी आणली तर माश्या दुसऱ्या फुलांची सवय लावून घेतात आणि तुमच्याकडं वळत नाहीत. आणायची रात्री, दार जाळीनं बंद करून, आणि आधीच्या जागेपासून तीनेक किलोमीटर तरी लांबून आलेली असावी, नाहीतर माश्या जुन्या जागेवरच परत जातात आणि तिथं घिरट्या घालत बसतात. दाराचं तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन दारावर पडलं की लवकर निघतात, दुपारी मात्र वर सावली पाहिजे. स्टँडच्या चारी पायांना पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे, बसून प्यायला. एकदा आणली की फुलोरा संपेपर्यंत हलवायची नाही.

बांधासाठी एक स्वस्तातला उपाय, कोथिंबिरीच्या दोन-चार ओळी काढू नका, फुलू द्या. धन्याच्या फुलावर जेवढ्या जातीच्या माश्या येतात तेवढ्या क्वचितच कशावर येतात. शेपू, मोहरी, तुळस पण चालते. सूर्यफूल मात्र काकडीच्या फुलोऱ्यातच फुलेल असं लावू नका, सगळ्या माश्या तिकडंच. बांधावर जुना वाळलेला बांबू, लाकूड पडलेलं असेल तर राहू द्या, भुंगा त्यातच घर करतो आणि वांग्याला तोच उपयोगी, कारण वांग्याच्या फुलातला पराग थरथरवल्याशिवाय पडत नाही आणि ते पेटीतल्या माशीला जमत नाही. टोमॅटो वाऱ्यानं हलून आपलं आपण धरतो.

खाली कमेंटमध्ये एकानं विचारलंय की कोबी, बटाटा, रताळी, बीन्सला पेटी ठेवू का. नको. कोबी-मुळा-गाजर आपण फुलायच्या आधीच काढतो, बटाटा-रताळं जमिनीत, बीन्स-वाटाणा स्वतःच्या परागावर धरतो. पण हीच मंडळी कोबी, गाजर, कांद्याचं बी धरायला लागली तर माशीशिवाय जमणार नाही. सौंदत्ती-गोकाककडं घरच्या घरी कांद्याचं बी धरणारे आहेत त्यांनी फुलाचे गोंडे आल्यावर तरी औषध थांबवावं, कारण कांद्याच्या फुलात नर भाग आधी तयार होतो आणि मादी भाग नंतर, दुसऱ्या फुलातला पराग माशीनंच आणून द्यावा लागतो.

पावसाळ्यात काकडी करणार असाल तर वेगळं गणित. पाऊस लागून राहिला की माशी बाहेर पडत नाही, पराग भिजतो, तेव्हा पेट्या असून नसून सारखंच, हातानं पराग लावायची तयारी ठेवा. वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीनं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी माश्या परत येतात.

अनुदानाचं म्हणाल तर नेटवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक महाबळेश्वरचं, म्हणजे महाराष्ट्र शासनाचं, ते आपल्याला लागू नाही. आपला उतारा कर्नाटकचा, त्यामुळं तालुक्याच्या तोटगारिके (बागायत) खात्यात जायचं, फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) काढलेला पाहिजे, आधार-पासबुक-पहाणी बरोबर न्यायची. फॉर्म कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर पोराला घेऊन जा. केंद्राचं मधमाशी मिशन 2020-21 मध्ये सुरू झालं, त्यातनं आणि राज्याच्या योजनेतनं काय चालू आहे ते तिथंच कळेल, दरवर्षी बदलतंय. ट्रेनिंगसाठी तुम्हाला जवळचं म्हणजे गोकाककडचं तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र, बैलहोंगलवाल्यांना मत्तीकोप्प. अरभावीला बागायत कॉलेज आहे, तिथल्या लोकांना वाकडी काकडी नेऊन दाखवली तरी सांगतील.

तर आता तुम्ही एवढं करा, बियाण्याच्या पाकिटाचा फोटो टाका, गेल्या पंधरा दिवसांत टाकीत काय काय घातलं त्याची नावं लिहा, आणि लाल-पांढऱ्या धाग्यांचं पाच दिवसांनी काय झालं ते सांगा. त्यावरनं पेटी लागतेय का ते बघू, लागली तर संकेश्वरच्या बाजूला भाड्यानं देणारे आहेत, नंबर मेसेजमध्ये देतो.